दोन्ही टोकांना बूच

बाबांचा छापखाना शनिवार पेठेत होता. मशीन विकली, जागा सोडली, तेव्हा उरलेलं सगळं आमच्या धायरीच्या फ्लॅटमधल्या माळ्यावर गेलं: खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांच्या, दोन पेट्या, दिवाळी अंकांचे गठ्ठे, एक लेझर प्रिंटर आणि अ‍ॅपलचा मॅकिंटॉश एलसी ४७५. पिझ्झाच्या खोक्याएवढा चपटा. बाबांनी १९९५ मध्ये मुंबईच्या एका जाहिरात कंपनीकडून तो जुना म्हणून घेतला होता, आणि त्यानंतर छापखान्याचं सगळं अक्षरजुळणीचं काम त्याच्यावरच झालं.

गेल्या पावसाळ्यात एका कवींच्या मुलीचा फोन आला. त्यांच्या वडिलांचा संग्रह बाबांनी १९९६ मध्ये छापला होता. घरात एकच प्रत उरली होती, तीही वाळवीने खाल्लेली. पुन्हा काढायचा तर मजकूर कुठे मिळेल? बाबा म्हणाले, "फाइल मॅकमध्ये आहे. मी कधी काही पुसत नाही." फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी वीस वर्षं नेटवर्कचं काम करते. म्हणजे ही माझी जबाबदारी हे न बोलताच ठरलं.

मॅक खाली काढला, चालू केला. 'टंऽ' असा ओळखीचा आवाज आला, पण पडदा काळाच. हे त्या मॉडेलचं दुखणं आहे: आतली छोटी ३.६ व्होल्टची बॅटरी मेली की चित्रच येत नाही. बॅटरी बदलली आणि मशीन चालू होताना येणारं हसऱ्या मॅकचं चित्र दिसलं. बाबा खुर्ची ओढून बसले.

आता फाइल बाहेर काढायची कशी? फ्लॉपी ड्राइव्ह आत घातलेलं काहीच वाचत नव्हता. हार्ड डिस्क स्कझी या जुन्या जोडणीची, १६० एमबीची, तीस वर्षं जुनी. ती काढून दुसरीकडे लावू म्हटलं तर बाबांनी साफ नकार दिला: "फिरतेय तोवर तिला हात लावायचा नाही." बरोबरच होतं त्यांचं. यूएसबी नाही, नेटवर्कच्या तारेचं ईथरनेट नाही. मागे एक गोल, आठ पिनांचं भोक, त्यावर प्रिंटरचं चित्र. तेवढंच दार. त्या दाराचं नाव लोकलटॉक.

लोकलटॉकबद्दल मी कामाच्या सुरुवातीला नुसतं ऐकलं होतं, तेव्हाच ते मोडीत निघालेलं होतं. यावेळी पहिल्यांदा नीट समजून घेतलं, आणि त्याबद्दल मनापासून आदर वाटायला लागला. १९८५ मध्ये अ‍ॅपलने लेझररायटर हा लेझर प्रिंटर आणला तेव्हा त्याची किंमत जवळपास सात हजार डॉलर होती. एकेका मॅकला एकेक प्रिंटर कोण देणार? मग मॅकच्या सिरियल पोर्टवरच, वेगळं कार्ड न लावता, सगळे मॅक एका तारेत ओवता येतील असं जाळं केलं. वेग सेकंदाला २३०.४ किलोबिट. त्यावर चालणारी भाषा अ‍ॅपलटॉक, गुरशरण सिद्धू यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने घडवलेली. पुढे कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत रीस जोन्स यांनी दाखवलं की यासाठी महागडी केबलही नको, साधी टेलिफोनची तार पुरते. बाबांच्या छापखान्यात हीच होती: प्रत्येक मशीनमागे एक छोटी डबी, डबीला टेलिफोनची दोन भोकं, एकातून तार आत, दुसऱ्यातून पुढच्या मशीनकडे.

या भाषेची रीत मला फार आवडली. एसटीत चढल्यावर आपण कसं विचारतो, "इथं कोणी बसलंय का?" उत्तर आलं नाही की बसतो. मॅक चालू झाला की अगदी तेच करतो. १ ते १२७ मधला एक आकडा मनाशी धरतो आणि तारेवर विचारतो, हा आकडा कोणाचा आहे का? कोणी 'आहे' म्हटलं तर दुसरा धरतो, नाही तर तोच त्याचा पत्ता. मागच्या वेळी कुठे बसलो होतो हेही तो त्या छोट्या बॅटरीच्या जिवावर लक्षात ठेवतो आणि आधी तीच जागा बघतो. पत्ते वाटणारं कोणी नाही, कुठे काही लिहून ठेवावं लागत नाही. आणि प्रिंटर शोधायचा तर आकड्याने नाही, नावाने: 'लेझररायटर कोण आहे?' असं पुकारायचं, जो असेल तो ओ देतो. बाबांना नेटवर्क हा शब्दही माहीत नसताना त्यांनी चार मशीनं जोडली आणि ती चालली, ती या रीतीमुळे.

इंटरनेटची आयपी भाषा वेगळ्या वळणाची. तिला प्रत्येकाचा पत्ता आधी ठरलेला हवा, बाहेर पडायचं दार कोणतं ते सांगितलेलं हवं. म्हणून मध्ये दोन्ही भाषा येणारं कोणीतरी बसवावं लागतं, आणि ते म्हणजे गेटवे. आज आपण ज्याला राउटर म्हणतो त्याला पूर्वी गेटवेच म्हणायचे. इंटरनेटचा पाया घालणाऱ्या व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ च्या निबंधात वेगवेगळी जाळी जोडण्याची कल्पना मांडली त्यात हाच शब्द आहे, आणि आजही इंटरनेटचे मोठे राउटर एकमेकांशी ज्या बीजीपीने (बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल) बोलतात त्यातला 'जी' गेटवेचाच. जुन्या जाळ्यांना सोडून न देता जोडून घ्यायचं, ही इंटरनेटची मूळ कल्पनाच आहे. आमच्या धंद्यात जुनं दिसलं की 'फेकून द्या, नवं घ्या' म्हणायची घाई असते, ती मला म्हणूनच खटकते.

मॅकसाठी हा गेटवे पहिल्यांदा १९८५ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झाला. तिथल्या वैद्यकीय संशोधनाच्या सुमेक्स प्रकल्पात बिल क्रॉफ्ट यांनी एका बाजूला अ‍ॅपलटॉक आणि दुसऱ्या बाजूला ईथरनेट असं यंत्र बांधलं. पुढे किनेटिक्स या कंपनीने त्याचीच फास्टपाथ नावाची तयार पेटी विकली, आणि पुष्कळ विद्यापीठांतले मॅक त्या पेटीतून इंटरनेटवर गेले. क्रॉफ्ट यांची युक्ती साधी आहे. आयपीचं पाकीट जसंच्या तसं अ‍ॅपलटॉकच्या पाकिटात घालायचं. वरच्या पाकिटावर आतल्या मजकुराचा प्रकार म्हणून २२ हा आकडा लिहायचा. गेटवेला २२ दिसला की तो वरचं पाकीट फाडतो आणि आतलं आयपीच्या रस्त्याला लावतो. येताना उलट.

गेटवे सापडतो कसा, तेही अ‍ॅपलटॉकच्याच रीतीने. तो स्वतःचं नाव 'आयपीगेटवे' या जातीखाली नोंदवून ठेवतो, मॅक पुकारतो, गेटवे ओ देतो, मॅक म्हणतो मला एक आयपी पत्ता दे, गेटवे देतो. आकड्यांच्या दुनियेत शिरायचं तेही नावाने हाक मारून. याला मॅकआयपी म्हणतात.

फास्टपाथ आता कुठून आणणार? मी रास्पबेरी पाय हा छोटा संगणक घेतला. लिनक्सच्या कर्नेलमध्ये अ‍ॅपलटॉकचं मोड्यूल आहे, त्यावर नेटाटॉक या ती भाषा बोलणाऱ्या प्रोग्रामची दोन नंबरची जुनी मालिका बसवली आणि जोडीला मॅकआयपी-जीडब्ल्यू हा छोटा प्रोग्राम. (अ‍ॅपलने स्वतः २००९ च्या स्नो लेपर्डमध्ये अ‍ॅपलटॉक काढून टाकलं. नेटाटॉकच्या लोकांनीही तिसऱ्या आवृत्तीत काढलं होतं, पण २०२४ मध्ये चौथ्या आवृत्तीत परत आणलं. हे वाचलं त्या दिवशी मला खरंच आनंद झाला.) पायला लोकलटॉकचं भोक नाही, म्हणून मध्ये एक ब्रिज हवा होता. न्यू जर्सीच्या मावसबहिणीने तिथे जुन्या बाजारात शोधून पाठवला. एका बाजूला गोल आठ पिना, दुसऱ्या बाजूला ईथरनेट.

ब्रिज आणि गेटवे यातला फरक इथे सांगितला पाहिजे, कारण बरीच मंडळी इथेच अडकतात. ब्रिज फक्त तार बदलतो. लोकलटॉकच्या तारेवर अ‍ॅपलटॉक बोललं जात होतं, ब्रिजपलीकडे ईथरनेटच्या तारेवरही अ‍ॅपलटॉकच बोललं जातं. भाषा बदलते ती पायमध्ये, गेटवेत. नुसता ब्रिज लावून घरच्या वायफायच्या राउटरला जोडला तर काही होणार नाही, त्या राउटरला ही भाषा कळतच नाही.

रविवारी सकाळी सगळं जोडलं. मॅक, त्यापुढे लेझर प्रिंटर, त्यापुढे ब्रिज, मग पाय. पायवरून अ‍ॅपलटॉकचा पिंग मारला, म्हणजे 'आहेस का?' अशा दहा हाका मारल्या. दहांतले सहा आले. पुन्हा मारला, सात. पुन्हा, चार. मॅकच्या चूझरमध्ये, म्हणजे प्रिंटर निवडायच्या खिडकीत, प्रिंटरचं नाव यायचं आणि जायचं. मी कॉन्फिगरेशन बदललं, झोनचं नाव बदललं, नेटवर्कचा आकडा बदलला, पायचं सॉफ्टवेअर दोनदा नव्याने बसवलं, ईथरनेटची केबल बदलली. दुपारचे तीन वाजले.

बाबा चहा घेऊन आले. त्यांनी पडद्याकडे बघितलंच नाही. वाकून टेबलामागच्या तारा बघितल्या आणि म्हणाले, "अगं, दोन्ही टोकांना बूच आहे का?"

मॅकमागच्या डबीत एका भोकात तार होती आणि दुसऱ्या, रिकाम्या भोकात टेलिफोनच्या पिनेएवढा एक पारदर्शक तुकडा खोचलेला होता. मी तो सकाळी बघितला होता, धूळ जाऊ नये म्हणून लावला असेल असं समजले होते. ब्रिजकडच्या डबीचं दुसरं भोक उघडं होतं. बाबा आत गेले, माळ्यावरून खिळ्यांची पेटी काढायला लावली, आणि पूर्णविरामांच्या खणातून तसाच एक तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. प्लास्टिकच्या आत आडवा बसवलेला एक रोध (रेझिस्टर), त्यावर रंगांचे पट्टे: तपकिरी, लाल, तपकिरी. १२० ओम.

तारेचं टोक उघडं असलं की संकेत तिथे आपटून परत फिरतो, विहिरीत हाक मारल्यावर येते तशी हाक परत येते आणि पुढच्या बोलण्यात मिसळते. टोकाला तारेच्या जातीएवढा रोध लावला की तो संकेत शोषून घेतो. लोकलटॉकला दोन टोकं, म्हणून दोन बुचं. मधल्या डबीत लावायचं नाही, फक्त टोकांना. हे मी कॉलेजात शिकले आहे, परीक्षेत लिहिलं आहे. बाबांना रोध, ओम काही माहीत नव्हतं. पण दिवाळी अंकाच्या गर्दीत एकदा रात्री एक वाजता प्रिंटर बंद पडला होता आणि सकाळी ट्रेसिंगवर काढलेली पानं प्लेटला द्यायची होती. तेव्हा ज्याने येऊन बूच लावलं त्याचं वाक्य त्यांनी जपून ठेवलं होतं, आणि एक जादा बूचही.

बूच लावलं. दहांतले दहा आले. शंभर मारले, शंभर आले.

पुढचं मॅकचं काम सोपं होतं, कारण १९९८ मध्ये बाबांनी मोडेम लावून व्हीएसएनएलची मेल बघायला सुरुवात केली होती. त्यामुळे मॅकला आयपी बोलायला लावणारं मॅकटीसीपी आणि फाइली पाठवणारा फेच, दोन्ही मॅकवर आधीपासून होते. मॅकटीसीपीत लोकलटॉक निवडलं, पत्ता 'सर्व्हर'कडून घ्यायचा असं सांगितलं, मशीन बंद करून चालू केलं. पायच्या नोंदींत एक ओळ उमटली: पत्ता दिला, १९२.१६८.५०.२. तीस वर्षांपूर्वीच्या मॅकला माझ्या घरच्या जाळ्यात पत्ता मिळाला होता. मी ती ओळ बाबांना मोठ्याने वाचून दाखवली.

पाकिटांच्या आकाराची काळजी होती, पण आयपीच्या जोडीने चालणाऱ्या टीसीपीने ती फार सुरेख सोडवून ठेवली आहे. अ‍ॅपलटॉकच्या एका पाकिटात ५८६ बाइटच मावतात, आणि आजच्या ईथरनेटवर पाकिटं १५०० ची. मग मोठं पाकीट छोट्यात कसं बसवायचं? बसवावं लागतच नाही. बोलणं सुरू करतानाच मॅक पलीकडच्याला सांगतो, मला एका वेळी ५३६ बाइटपेक्षा मोठा घास देऊ नका. पलीकडचा कितीही नवा, कितीही वेगवान असो, तो ऐकतो. धाकट्याच्या ताटाप्रमाणे वाढायचं, हे त्या नियमातच आहे.

मॅकला मी बाहेरच्या इंटरनेटवर मात्र सोडलं नाही. त्याला आजची कुलपं (एन्क्रिप्शन) येत नाहीत, तो सगळं उघडं बोलतो. पायच्या फायरवॉलमध्ये घरापुरताच रस्ता ठेवला. असा गेटवे बसवणाऱ्या प्रत्येकाने हे पहिल्या दिवशीच करावं.

फाइली निघाल्या. सुमारे ९० एमबी, सव्वादोन तास लागले. बाबा पूर्ण वेळ शेजारी बसून नावं वाचत होते: अमक्याची लग्नपत्रिका, तमक्या बँकेचा अहवाल, शाळेची स्मरणिका. मग मी पायवर फोल्डर उघडलं आणि पोटात गोळा आला. फॉन्टच्या सगळ्या फाइली शून्य बाइटच्या होत्या.

पाकीट एकही हरवलेलं नव्हतं. चूक त्याच्या वरच्या थरावर होती. जुन्या मॅकवर प्रत्येक फाइलला दोन कप्पे असतात, एक माहितीचा, दुसरा संसाधनांचा. फॉन्टचं सगळं काही दुसऱ्या कप्प्यात असतं. बाकीच्या जगात फाइलला एकच कप्पा. फेचमध्ये मी फाइल 'कच्ची' पाठव असं निवडलं होतं, म्हणून पहिला कप्पा तेवढा आला, आणि फॉन्टचा पहिला कप्पा रिकामाच असतो. मॅकबायनरी हा पर्याय निवडला की दोन्ही कप्पे एका फाइलीत बांधून येतात. सगळं पुन्हा काढलं, पुन्हा सव्वादोन तास. दुसरी सोय नेटाटॉकचीच होती: तो स्वतः अ‍ॅपलटॉकवर फाइल सर्व्हर होतो आणि दुसरा कप्पा वेगळ्या लपलेल्या फोल्डरमध्ये जपून ठेवतो. नंतर मी एक प्रत त्या वाटेनेही काढून ठेवली. गेटवे पाकिटांची भाषा सांभाळतो. पाकिटातल्या वस्तूची रीत कोणती, ते ज्याची वस्तू आहे त्यालाच विचारावं लागतं.

आणि वस्तूची रीत विचारायचं काम अजून संपलं नव्हतं. पानं मांडायच्या क्वार्क या प्रोग्राममधून कवितांचा मजकूर काढला तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. त्या काळच्या मराठी फॉन्टमध्ये अक्षरांना नाही, आकारांना आकडे दिलेले असायचे. अर्धा त आणि काना मिळून त. ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, म्हणून टाइपही आधी. युनिकोड या आजच्या सगळीकडच्या अक्षरपद्धतीत ती अक्षरानंतर येते, कारण उच्चार नंतर. 'सूर्य'मधला रफार जुन्या फाइलीत य नंतर, युनिकोडमध्ये र् आधी आणि य मागून. मी पायथॉनमध्ये तक्ता करायला घेतला आणि बाबा शेजारी बसून सांगत गेले. कोणत्या कळीला काय उमटतं ते त्यांना बोटांत पाठ होतं. "शिफ्ट दाबून ते... नाही, तो अर्धा ष." खिळे जुळवणाऱ्या माणसाला आकार आधी आणि उच्चार मागून, हे अवघड जातच नाही. दोन संध्याकाळी त्यात गेल्या आणि त्या मला फार आवडल्या.

शेवटी ९६ पानं युनिकोडमध्ये आली. मी ती कागदावर छापून बाबांना दिली. त्यांनी चष्मा लावला, लाल पेन घेतलं, आणि जुन्या सवयीने तर्जनी ओळीखाली फिरवत वाचायला लागले. एकेचाळिसाव्या पानावर बोट थांबलं.

"ही वेलांटी चुकली आहे."

मला वाटलं माझा तक्ता चुकला. वाळवीने खाल्लेली ती प्रत मागवून घेतली, पान ताडून बघितलं. छापील पुस्तकातही तीच चूक होती. १९९६ पासूनची.

"दुरुस्त करू?" मी विचारलं.

बाबा थोडा वेळ त्या ओळीकडे बघत राहिले. "आधी आहे तशी एक प्रत ठेव," म्हणाले. "मग त्यांच्या मुलीला विचार. कविता त्यांची आहे."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना दोन्ही फाइली पाठवल्या. मॅक अजून टेबलावरच आहे, दोन्ही टोकांना बूच लावून. दिवाळी अंकांची फोल्डरं अजून काढायची आहेत.